सुदर्शनची फिकर नको

निलंगा
१० नोव्हेंबर २०२४

अक्का,

दिवाळीच्या आधी टाकलेलं तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन आधी जिन्याखालूनच ओरडायचा, 'नांदेड जेलचं हाय, घ्या.' आता गपचूप वर येऊन हातात देतो. दीड वर्षात त्याला पण सवय झाली.

दिवाळी केली. राजीनं पिवळा फ्रॉक स्वतः निवडला. सुदर्शननं जे दिलं ते घातलं. फटाके उडवायला गल्लीतली सगळी लेकरं खाली होती, हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बघत होता. शाळेतून आला की तिथंच बसतो. हाक मारली की येतो, सांगितलं ते करतो, त्रास म्हणून नाही. नऊ वर्षांच्या पोरानं जरा तरी त्रास द्यावा असं मला वाटतं, पण मला अजून लेकरू नाही, मला काय कळतं.

म्हणून मी एक ठरवून राहिले. दोघांना घेऊन एक दिवस खरोशाच्या टेकडीवर जायचं. ह्यांना खताच्या दुकानातून रविवारी सुट्टी असते. सकाळच्या एस्टीनं फाट्यापर्यंत, तिथून चालत, वर चढून लेणी बघायची, सावलीला बसून जेवायचं आणि दुपारी परत. सासूबाई म्हणाल्या, 'लोकाची लेकरं, पडली झडली तर?' मी म्हटलं, लोकाची कशी, माझ्या बहिणीची आहेत.

पण भीती मला पण वाटते. राजी साडेचार वर्षांची. एवढं चालवंल का तिला? काय न्यायचं, काय नाही, तू लिहून कळव. फोनवर नको. पाच मिनिटांत तू रडतेस, मी रडते, आणि इथं फोन स्पीकरवर असतो.

राजीला आम्ही अजून तेच सांगतो, आई नांदेडला दवाखान्यात कामाला आहे. सुदर्शन ते ऐकतो आणि खाली बघतो.

तुझी
पुनम

नांदेड
१९ नोव्हेंबर २०२४

पुनम,

न्यायचंच तर नीट ने. रामकिशनरावांना पण हे वाचून दाखव.

राजीला एस्टीत मळमळतं. खिडकीशी बसव आणि निघताना दूध देऊ नको, चहात बुडवून एक पाव दे. ती दहा पावलं चालली की 'कडे, कडे' करणार, तर जुनं लुगडं सोबत ठेव, पाठीला बांधता येतं. धपाटे कर, पण तिचे दोन बिनमिरचीचे, आणि दह्यात गूळ कालवून दे, नाहीतर तोंड उघडत नाही. माकडाला लई भिते. देवळापाशी माकडं असतात, तेव्हा खाण्याची पिशवी हातात दाखवू नका. पायात पट्ट्याचे सॅंडल घाल, सात नंबरचे. टोपी. शी लागली की ती सांगत नाही, नुसती गप होते, ते ध्यानात ठेव.

सुदर्शनची फिकर नको. तो शहाणा आहे, बारक्यापणापासून. त्याच्या खांद्यावर पाण्याची पिशवी दे आणि राजीचा हात धरायला सांग, तो सोडणार नाही.

सहा वर्षांपर्यंत लेकरू जवळ ठेवू देतात इथं. राजीला मी ठेवलं नाही. भेटीला त्यांना आणू नको, हे पण मीच म्हणाले. काचेपलीकडून बघितलेली आई एकदा डोक्यात बसली की निघत नाही. लोकं म्हणतील काळीज दगडाचं आहे. म्हणू देत.

इथं माझ्या शेजारी पार्वतीबाई म्हणून आहेत, साठीच्या. वाचता येत नाही त्यांना. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, 'टेकडीवर जाताना लेकरांच्या खिशात एकेक लिंबू टाकावं.' कामून ते विचारलं तर म्हणे, 'आमच्यात टाकतात.' तर टाक.

उज्वला

निलंगा
२८ नोव्हेंबर २०२४

अक्का,

लिंबू टाकते. बाकीचं वाचून मला हसू आलं, मग वाईट वाटलं. सात नंबर कधीच गेला गं. राजीला आता दहा लागतो. कडे म्हणत नाही, उलट कुणी उचललं तर पाय झाडते. तिखट खाते. परवा ह्यांच्या ताटातला ठेचा बोटानं चाटला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत 'आणिक' म्हणत होती. शी लागली की सगळ्या गल्लीला कळवते. मळमळीचं मात्र तू म्हणतेस तसंच आहे.

मागच्या बाजूला बघ. तिचा पाय कागदावर ठेवून पेनानं काढला आहे. गुदगुल्या होत होत्या म्हणून अंगठा वाकडा आला. सुदर्शनला म्हटलं, तू पण ठेव, आईला पाठवू. तो म्हणाला, 'माझा मोठा हाय, मावणार न्हाई,' आणि जिन्यात जाऊन बसला.

हे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून वाटेची माहिती काढून आले आहेत. पुढच्या पंधरवड्यात जाऊन येतो.

पुनम

नांदेड
७ डिसेंबर २०२४

पुनम,

पायावर हात ठेवून बघितला. माझ्या बोटांच्या पहिल्या पेरापर्यंत येतो. मला इथं आणलं तेव्हा तळव्यात मावत होता.

एक ऐक. पंधरवडाभर थांब. माझ्या जामिनाची तारीख सतराला आहे. वकील येऊन अर्ज वाचून दाखवून गेले. त्यात लिहिलंय, बांधावर शेजारच्या रानाच्या आबांच्या डोक्यात दांडा बसला तेव्हा मी गावातल्या गिरणीत दळण घेऊन बसले होते, ओरडा ऐकून पळत गेले, तोवर सगळं होऊन गेलं होतं. आबांच्या पोरानं फिर्यादीत आमच्या घरातल्या पाचही जणांची नावं घातली, त्यात माझं पण. गिरणीवाल्या ग्यानोबानं मी तिथं होते असं लिहून दिलं तर बाईमाणसाला जामीन मिळायला अडचण नाही असं वकील म्हणाले. त्यांनी एवढंच बजावलं, सुदर्शनला कुणी काही विचारू नका, तो कुठं काही बोलला तर समोरचा वकील त्यातून काहीही काढंल.

तो कशाला बोलतो. तो तर तेव्हा आंब्याखाली खेळत होता.

सतराला सुटले तर वीस-बावीसला घरी. मग टेकडीवर मी पण येते. राजीला उचलत नाही, नुसती मागून चालते. थांबशील ना?

उज्वला

निलंगा
२० डिसेंबर २०२४

अक्का,

तुला कळलंच असंल. समोरच्यांनी वेळ मागून घेतला, पुढची तारीख जानेवारीच्या शेवटी. मी सतराला कोर्टात होते. तुला आणलं नव्हतं. चार तास बाकावर बसले आणि उठून आले.

लेकरांना मी सांगून बसले होते की आई येणार आहे. सांगायला नको होतं. राजीनं पिशवी भरून ठेवली होती, त्यात कंगवा, तिची ताटली आणि पार्वतीबाईंचं लिंबू. ते सुकलं. रोज सकाळी विचारते, 'आज टेकडी?' सुदर्शन काही विचारत नाही. मी कोर्टातून आले तेव्हा दार त्यानंच उघडलं. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवीतली ताटली काढून परत मांडणीवर ठेवली.

आता पुढं ढकलवत नाही अक्का. पाच जानेवारीला जातो. तू रागावशील, पण हो म्हण.

पुनम

नांदेड
२७ डिसेंबर २०२४

पुनम,

जा. राग कुणावर करू?

ऊन व्हायच्या आत वर पोचा. राजीला नवीन लिंबू दे.

उज्वला

निलंगा
८ जानेवारी २०२५

अक्का,

रविवारी जाऊन आलो. थंडी मस्त होती. सातची एस्टी मिळाली, राजीला उलटी झाली नाही. वरपर्यंत ती आपल्या पायानं चढली. लेण्यात आवाज घुमतो, तिनं आपलंच नाव दहा वेळा घेतलं म्हणून हे सांगून राहिले. वरून लांबपर्यंत रानं दिसतात, हरभऱ्याची हिरवी, तुरीची पिवळी, असं हे म्हणाले. माकडं नव्हती. धपाटे पुरून उरले. साडेतीनला घरी आलो, लेकरं दमून झोपली.

इकडं सगळं ठीक. हातात काम लई आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

पुनम

नांदेड
१७ जानेवारी २०२५

पुनम,

पत्र पार्वतीबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, 'बाई, तुझं ल्योक कुठं हाय ह्याच्यात?'

मी पुन्हा बघितलं. राजी चढली. राजीनं नाव घेतलं. सुदर्शनचं नाव एकदाही नाही. आणि वरचं सगळं 'हे म्हणाले', 'हे सांगून राहिले'. तू वर गेलीच नव्हतीस. तू कुठं होतीस? तो कुठं होता? पडला का? काही चावलं का?

मंगळवारी फोन केला तर तू 'बरं हाय, बरं हाय' एवढंच म्हणालीस. मागं सासूबाई होत्या म्हणून मी जास्त विचारलं नाही. पुनम, मला इथून काहीच दिसत नाही. तू दाखवशील तेवढंच दिसतं. मला फसवू नको.

उज्वला

निलंगा
२५ जानेवारी २०२५

अक्का,

फसवायचं नव्हतं. तुला सांगून तू तिथं काय करणार, म्हणून लपवलं. आता सगळं लिहिते.

फाट्यावर उतरलो तेव्हा आठ वाजले होते. हे म्हणाले, डांबरी रस्ता फेऱ्याचा पडतो, रानातून पायवाट आहे, लेकरांना हरभरा पण खायला मिळंल. मीच म्हटलं चला. सुदर्शन पुढं होता. पाण्याची पिशवी खांद्यावर, राजीचा हात धरलेला, तू सांगितलं होतंस तसा. तिला घाटे सोलून देत होता. एकदा हसला पण. मला वाटलं, जमलं बाई.

मग एक बांध आला. कमरेएवढा उंच, दगडं रचलेला, वर बाभळीच्या फांद्या. ह्यांनी फांदी बाजूला करून राजीला पलीकडं ठेवलं. मी चढले. सुदर्शन खालीच उभा.

'ये की रे,' हे म्हणाले.

'हा बांध कुणाचा हाय?'

'बांध दोघांचा असतो. ये.'

'दोघं कोण?'

ह्यांना वाटलं, गंमत करून राहिला. हात धरून वर ओढायला गेले तर तो मटकन खाली बसला. पिशवी पडली, पाणी सांडलं. मी उतरून जवळ गेले. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता आणि चड्डी ओली झाली होती.

तेवढ्यात ज्वारीतून एक म्हातारे बाहेर आले. चन्नबसप्पा नाव, ते रान त्यांचं. हातात विळा होता. आवाज ऐकून त्यांनी 'कोण हाय रं तिकडं?' एवढंच विचारलं. सुदर्शन किंचाळला, 'आबा, म्या न्हाई बोलवलं! म्या कुणालाच न्हाई बोलवलं!' राजी पण रडायला लागली. ह्यांनी त्याला उचलायला हात घातला तर मनगटाला असा चावला की रक्त आलं. म्हाताऱ्यांनी विळा तिथंच टाकला आणि दोन्ही हात दाखवत मागं मागं गेले, चूक त्यांचीच झाल्यासारखे. थोड्या वेळानं लांबवर पाण्याची कळशी ठेवून गेले. जवळ आले नाहीत.

अक्का, आपण मिरचीपासून माकडापर्यंत सगळं ठरवलं होतं. दोन महिने ठरवत होतो. ह्याचं कुणाच्या डोक्यात पण आलं नाही. मी नुसती उभी राहिले. त्याला हात लावू का नको ते सुद्धा मला कळंना.

तासभर आम्ही तिथंच. राजीचं एकच, टेकडी कधी. शेवटी मी ह्यांना म्हटलं, तुम्ही तिला घेऊन जा, तिचा तरी दिवस वाया जाऊ नये. ते दोघं गेले. मी सुदर्शनपासून हातभर अंतर सोडून बसले. त्यानंच सांगितलं, धडा पाठ म्हणतात तसं, समोर बघत.

त्या दिवशी तो आंब्याखाली होता. आबांचा ट्रॅक्टर बांधात घुसलेला त्यानं बघितला आणि तो गावात पळाला. भाऊजी तर भोकरच्या एस्टीत चढून बसले होते, गाडी सुरू झाली होती. 'मी पुढं जाऊन हात केला, मावशी. डायवरनं गाडी थांबवली. पप्पा उतरले. मी हात केला नसता तर पप्पा भोकरला गेले असते.' मग म्हणाला, 'आबा मेले नसते.'

दीड वर्ष हे त्याच्या पोटात होतं. जिन्यात बसून तो हेच करत होता.

मी म्हटलं, तुझी काहीच चूक नाही रे बाळा. तो म्हणाला, 'हाव.' मास्तरांना म्हणतात तसं हाव. मी दहा वेळा सांगितलं, तो दहा वेळा हाव म्हणाला. आता रोज सांगते. रोज हाव म्हणतो. जेवण अर्ध्यावर आलं आहे.

ह्यांची जखम भरली. चिडले नाहीत. उलट रात्री जेवताना म्हणाले, 'रस्त्यानं गेलो असतो तर बरं झालं असतं.' आता ते पण तेच घोकत बसतात.

मला सुचत नाही अक्का. काय करू सांग.

पुनम

नांदेड
३ फेब्रुवारी २०२५

पुनम,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तीन दिवस कागद घेऊन बसते आणि ठेवून देते.

तो शहाणा आहे, त्याची फिकर नको, असं मी तुला लिहिलं. माझ्या हातचं अक्षर आहे ते. दोन लेकरांतलं एक मी बघितलंच नाही.

त्याचे पप्पा गाडीतून उतरले हे मला माहीत होतं. कुणी उतरवलं ते माहीत नव्हतं. ते ह्याच आवारात आहेत पलीकडं, पण त्यांना विचारायला गेले तर महिना लागतो, आणि विचारून काय.

पार्वतीबाई म्हणाल्या, 'लेकराच्या मनातलं मावशीनं काढलं तर निम्मंच निघतंय. त्याला आईच्या तोंडून पाहिजे.' मी म्हटलं, आईचं तोंड तर काचेमागं. त्या म्हणाल्या, 'आसंना.'

त्याला घेऊन ये. राजीला नको, तो एकटाच. वीस मिनिटं देतात. आणायचं नाही असं मी म्हणाले होते ते सोड. वकिलांना सांगू नको, जामिनाची जानेवारीतली तारीख पण पुढं गेली आहे.

माझ्या पेटीत हिरवट स्वेटर आहे, तो येताना आण. आणि येण्याच्या आदल्या दिवशी त्याला सांग, कुठं जातो ते. फसवून आणू नको. राजीला जे सांगायचं ते सांग, ह्याला खरं सांग.

उज्वला

निलंगा
२० फेब्रुवारी २०२५

अक्का,

सोमवारी आम्ही बाहेर पडलो तेव्हा तू काचेला हात लावून उभी होतीस. मी मागं वळून बघितलं. त्यानं नाही बघितलं, म्हणून सांगते.

तू फोनमधून त्याच्याशी बोललीस ते मला त्याच्या बाजूनं अर्धंच ऐकू आलं. हाव, न्हाई, हाव. बाकीचं त्यानं लातूरच्या पुढं आल्यावर एस्टीत सांगितलं. तू म्हणालीस, 'आरं, तुला आठवत न्हाई का? मीच दळण ठेवून मधी घरी आले होते. मीच म्हणाले, पळ, पप्पाला गाडीतून उतरव. तू कुठं आपल्या मनानं गेलास? आईनं सांगितलं म्हणून गेलास.'

तो म्हणाला, आधी त्याला आठवलं नाही. मग तू परत परत सांगितल्यावर आठवलं. तुझी साडी पण आठवली म्हणे. हिरवी.

अक्का, त्या दिवशी तुझ्या अंगावर निळी साडी होती. ठाण्यात मी तुला भेटले तेव्हा ती पिठानं भरलेली होती. तू मला काय म्हणालीस ते मला पाठ आहे, 'दळण निम्मं झालं होतं, जागची उठले नव्हते, ओरडा ऐकून पळाले.' तुझा सगळा अर्ज त्या दळणावर उभा आहे. आणि तू ज्याला सांगितलंस तो नऊ वर्षांचा आहे. उद्या शाळेत, गल्लीत, कुणासमोर बोलला तर? हे पत्र तिथं कुणी वाचतं हे मला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला राहवत नाही.

आणि पुढचं ऐक. लपवणार नाही असं ठरवलं आहे.

एस्टीत तो लई वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग मला म्हणाला, 'मंग मावशी, आईनं पाठवलं नसतं तर पप्पा भोकरला गेले असते ना?'

मी काय म्हणू? 'न्हाई' म्हटलं तर तुझं सांगणं खोटं पडतं आणि सगळं परत त्याच्याच डोक्यावर. 'हाव' म्हटलं तर तुझ्यावर. मी म्हटलं, भूक लागली का?

तो म्हणाला, 'म्हंजी आईमुळं झालं.'

मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला तो निलंग्यापर्यंत. एवढा गाढ मी त्याला कधी झोपलेला बघितला नव्हता. घरी आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. मंगळवारी शाळेतून आला आणि दप्तर टाकून खाली खेळायला गेला. जिना रिकामा होता. सासूबाईंनी दोनदा डोकावून बघितलं.

काल त्याला म्हटलं, आईला चार ओळी लिही, पत्रात घालते. तो म्हणाला, 'मला न्हाई लिहायचं तिला.' मी म्हटलं, कामून? त्यानं बॅट उचलली आणि गेला.

तुझं बरोबर होतं का चूक ते मला सांगता येत नाही. मला नुसतं एवढं दिसतं, तो जेवतो आणि तुझं नाव काढलं की उठून जातो.

पुनम

नांदेड
१४ मार्च २०२५

पुनम,

उत्तराला उशीर झाला. बसवंत वकील आले होते, त्यांचं ऐकून मग लिहावं म्हटलं.

ग्यानोबानं लिहून द्यायला नकार दिला. म्हणाला, एवढ्या दिवसांनी कोण कधी दळणाला आलं ते आठवत नाही. त्याला गावात राहायचं आहे, आबांच्या पोराचं रान त्याच्या गिरणीला लागून आहे. त्याला मी बोल लावत नाही. वकील म्हणाले, आता अर्ज अवघड आहे, पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्ट्यांनंतर पडंल.

तर ग्यानोबाला आठवत नाही. मग दळणाचं काय ते मला आठवंल तसं. मी मधी घरी आले होते. लेकराला पाठवलं. परत गेले. हे पत्र जेलच्या मॅडम वाचतात ते मला माहीत आहे. वाचू दे. निळी आणि हिरवीचं म्हणशील तर त्याला हिरवी आठवते ना, मग हिरवीच होती. तू त्याला निळी म्हणून सांगू नको.

'आईमुळं झालं' म्हणाला, ते तू लिहिलंस, बरं केलंस. वाचल्यावर मी उठून नळाखाली तोंड धुतलं, मग आत येऊन बसले. पार्वतीबाईंना त्या दिवशी पत्र वाचून दाखवलं नाही. त्यांनी पण विचारलं नाही.

पुनम, तो माझ्यावर चिडला आहे तर चिडू दे. कुणावर तरी चिडायचंच आहे त्याला. माझ्यावर चिडून तो दोन भाकरी खातो. स्वतःवर चिडला होता तेव्हा अर्धी खात होता. मोठा होईल, लग्नाचा होईल, तेव्हा त्याला कुणी सांगितलं तर सांगू दे. तोवर तू सांगू नको. रामकिशनरावांना पण सांग. आणि ते रस्त्याचं घोकत बसतात त्यांना म्हणावं, सोडा.

त्याच्यासमोर माझं नाव सारखं काढू नको. आई लई चांगली आहे, आई तुझ्यासाठी रडते, असलं काही सांगू नको. राजीला मात्र दोन वेण्या घालत जा, तिचे केस माझ्यासारखे दाट आहेत, एका वेणीत गुंता होतो. हे तरी अजून खरं आहे का ते कळव.

एकच काम कर. मला पत्र लिहायला बसशील तेव्हा एक कागद त्याच्यापुढं पण ठेवत जा. लिही म्हणू नको. नुसता ठेव. आणि तुझं पत्र घालशील तेव्हा तो पण घाल, कोरा असला तरी.

उज्वला